डाव्या पायाचा निरोप

"त्याला सांग, पाटीवर उभा राहा म्हणावं," किनिसिमेरे म्हणाली.

हे तिने जोनेतानेला सांगितलं. ज्याने उभं राहायचं तो साकियासी तिच्यापासून हातभर अंतरावर होता, त्याचे दोन्ही कान शाबूत होते आणि तिचा आवाज काही कुजबुजीतला नव्हता. तरी तो भिंतीकडे बघत थांबला. जोनेतानेने मान खाजवली, एक सावकाश जांभई दिली आणि मग वळून म्हणाला, "पाटीवर उभा राहा रे." तेव्हा कुठे साकियासी पाटीवर चढला.

पाट्या दोन होत्या. जमिनीवर शेजारी शेजारी ठेवलेल्या, एकेका पायाला एकेक. माणसाने त्यांवर उभं राहून उडी मारली आणि परत खाली आला, की कोणत्या पायाने किती जोर लावला ते किनिसिमेरेच्या हातातल्या टॅबलेटवर उमटायचं. यंत्र एकदा टुंग करायचं, आणि त्याबरोबर उडी मारायची. उशीर झाला की यंत्र रुसायचं आणि सगळं पहिल्यापासून.

टुंग झालं.

"आता उडी म्हणावं."

"आत्ता?" जोनेतानेने विचारलं.

"आत्ताच."

"आत्ताच म्हणतेय ती," जोनेतानेने साकियासीला सांगितलं. साकियासीने उडी मारली. काय सुरेख उडी होती, पण यंत्र तोवर मिटून बसलं होतं. किनिसिमेरेने डोळे मिटले. बाकीचा सगळा संघ तासाभरात मोजून झाला होता आणि या एकट्याने तिची अर्धी दुपार खाल्ली होती.

साकियासी तिचा पाठचा सख्खा भाऊ. लहानपणी याला कडेवर घेऊन ती नदीवर गेली होती, याचं नाक पुसलं होतं, कसाव्याच्या कढत फोडी फुंकर मारून याला भरवल्या होत्या. मग त्याला मिसरूड फुटलं आणि घरच्या रिवाजाप्रमाणे दोघांचं बोलणं थांबलं. भावाने बहिणीशी थेट बोलायचं नाही, तिने त्याच्याशी नाही, एकमेकांना हात लावायचा नाही, एका चटईवर बसायचं नाही. यात राग नाही, मान आहे. राजधानीतली, सुवातली मंडळी आता हे पाळत नाहीत, किनाऱ्यावरच्या गावांतही बरंच सैल झालंय. पण सिंगातोका नदीच्या खोऱ्यात, वरच्या अंगाच्या गावात, आणि त्यातही यांच्या घरात? छे. वडील वारले तेव्हाही दोघं दोन दारांत उभी राहून रडली होती.

आणि जोनेताने हा त्यांच्या मामाचा मुलगा. मामे-आते भावंडांचा नियम नेमका उलटा. त्यांनी एकमेकांची खिल्ली उडवायचीच. ती नाही उडवली तर लोक काळजीने विचारतात, काय झालं, भांडलात का? म्हणजे किनिसिमेरेच्या पदरात एक भाऊ असा पडला होता की ज्याच्याशी बोलायचं नाही, आणि दुसरा असा की ज्याच्याशी धड बोलता येत नाही.

"आपलं लग्न झालं असतं ना किनी," जोनेताने म्हणाला, "तर रोज सकाळी तू मला या पाटीवर उभं केलं असतंस. बरं झालं मी वाचलो."

"पाटी मोडली असती. परत सांग त्याला. टुंग झालं की माझी वाट न बघता उडी मार म्हणावं."

हे काम तिने ओढूनताणून मिळवलेलं होतं. शाळेत असताना ती नेटबॉल खेळायची आणि चांगली खेळायची. मोसमाच्या सुरुवातीपासून तिचा उजवा गुडघा दुखत होता, तिने कुणाला सांगितलं नाही, आणि एका सामन्यात उडी मारून खाली येताना तो असा काही फिरला की तिचं खेळणं तिथेच संपलं. अजूनही ती जिना उतरते ती कठड्याला धरून. पुढे सुवाला जाऊन ती फिजिओथेरपी शिकली, काही वर्षं हॉस्पिटलात म्हाताऱ्यांचे खांदे चोळले, आणि ऑस्ट्रेलियातल्या कुठल्याशा क्लबने वापरून झालेल्या पाट्या खोऱ्यातल्या रग्बी क्लबला भेट दिल्या तेव्हा नोकरी सोडून गावी आली. माणूस बोलत नाही, पाटी बोलते, एवढंच तिचं म्हणणं होतं.

क्लबने तिला मैदानाच्या गॅलरीखालची खोली दिली. भिंतीच्या पलीकडे मंडळी यांगोनाच्या मुळ्यांचं पेय पीत बसायची. पाट्या आल्या त्याच महिन्यात कोणाच्या तरी लग्नाचा डुक्कर नेमका किती भरतो यावरून पैज लागली, आणि किनिसिमेरे बाजारात गेलेली असताना पाच-सहा जणांनी त्याला पाटीवर चढवलं. डुक्कर काही स्थिर उभा राहिना. यंत्राने त्याची प्रत्येक धडपड इमानाने नोंदवली आणि त्याला नवा खेळाडू म्हणून संघात घेतलं. किनिसिमेरे संतापली तर इनोके, संघाचा प्रशिक्षक, म्हणाला, "अगं, त्याच्या मागच्या पायात आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त जोर निघाला. मला तर तो संघात हवाच होता."

पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये बसवायची ती डबी, धावण्याचा वेग मोजणारी, तिची तर आणखीच तऱ्हा. डबी घालताना हात मानेपाशी जातो, आणि दुसऱ्याच्या डोक्याजवळ हात न्यायचा म्हणजे आमच्याकडे आधी माफी मागावी लागते. किनिसिमेरे रोज संघभर माफी मागत फिरायची. साकियासीची डबी जोनेताने बसवायचा. बहुतेक वेळा उलटी.

तर त्या दुपारी सहाव्या का सातव्या खेपेला साकियासीची उडी एकदाची यंत्रात उतरली. किनिसिमेरेने आकडे बघितले. मग मागच्या आठवड्याचे काढले, त्याच्या मागच्याचे काढले, आणि तिन्ही शेजारी लावून परत वाचले.

डावा पाय जोर लावतच नव्हता. उडी तेवढीच उंच होती, म्हणून बघणाऱ्याला काही कळलं नसतं. पण ती सगळी उजव्या पायावर मारलेली होती, आणि खाली येताना तर डावा पाय नुसता टेकत होता. दर आठवड्याला थोडा थोडा कमी. सरावात वाळूच्या टेकड्यांवर पळताना कधीतरी मांडीचा मागचा स्नायू दुखावला असणार आणि हा ते लपवत होता. का लपवत होता तेही उघड होतं. पुढच्या शनिवारी नदीमुखाच्या संघाशी अंतिम सामना, आणि तो बघायला फ्रान्समधल्या एका क्लबचा माणूस खास येणार होता. याच पायावर शनिवारी साकियासी भरधाव सुटला तर स्नायू हाडापासून सुटून येईल. मग फ्रान्स राहिलं बाजूला, पुढच्या वर्षी धड चालला तरी मिळवली.

ती इनोकेकडे गेली. इनोके पोलिसातून निवृत्त झालेला, आवाज अजून चौकीतला.

"इनोके काका, साकियासीला शनिवारी खेळवू नका. डावा पाय गेलाय त्याचा."

"कोण म्हणतं?"

"पाटी म्हणते."

"पाटीला विचार, गेल्या मोसमात त्याने किती ट्राय केले."

"काका, हे तीन आठवड्यांचे आकडे बघा तरी."

"त्याने स्वतः सांगितलं का तुला, दुखतंय म्हणून?"

"तो मला काय सांगणार? तो माझ्याशी बोलतो का?"

"मग झालं तर," इनोके म्हणाला, आणि शिट्टी तोंडात घालून निघून गेला. या उत्तरात कोणता तर्क होता हे किनिसिमेरेला त्या दिवशीही कळलं नाही आणि नंतरही नाही.

राहिला जोनेताने. तिने त्याला गॅलरीमागे गाठलं आणि सगळं नीट समजावलं. हसू नकोस, फाटे फोडू नकोस, शब्द जसाच्या तसा दे. म्हणावं, डावा पाय फाटणार आहे, शनिवारी बसून राहा. जोनेतानेने गंभीरपणे मान डोलावली. कळलं होतं त्याला, अगदी पुरतं कळलं होतं. मग तो सगळ्या संघासमोर साकियासीपाशी गेला, आणि आपल्या आतेभावाचं तोंड दिसल्याबरोबर जन्माची सवय आडवी आली.

"तुझी बहीण म्हणते, उजवा पाय तुझा आहे, पण डावा आजोबांचा बसवलाय. शनिवारी त्यांना विश्रांती दे."

सगळे हसले. साकियासीही हसला. आणि मग, आजोबांचा पाय कसा पळतो ते दाखवायला मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुसाट पळाला. किनिसिमेरे कठड्याला धरून बघत राहिली. परत येताना तो पाऊल किंचित आखडतं घेत होता. तिच्याशिवाय कोणाच्या लक्षात आलं नाही.

"मी सांगितलं ना," जोनेताने म्हणाला.

"तू सांगितलंस? त्याला सांगितलंस तू?"

"शब्द थोडे इकडचे तिकडे झाले असतील."

फोनवर लिहून बघावं, तर तेही करून झालं होतं. मागे एकदा तिने त्याला संदेश पाठवला होता. बहिणीचं नाव दिसल्याबरोबर साकियासीने फोन निखारा धरल्यासारखा जोनेतानेच्या हातात दिला, आणि जोनेतानेने तो कपडे बदलायच्या खोलीत सुरात वाचून दाखवला.

शेवटी तिने आईला सांगितलं. आई तरी सांगू शकते ना मुलाला. आई डालोच्या कंदांची साल काढत होती. तिने सुरी खाली ठेवली, डोळे पुसले आणि म्हणाली, "सामन्याच्या तोंडावर मी असं अभद्र बोलू? तू काळजी करू नकोस. मी बघते."

आईने काय बघितलं ते रविवारी चर्चमध्ये कळलं. प्रार्थनेच्या शेवटी पाद्रीबाबांनी हात वर केले आणि घंटेसारख्या आवाजात देवाला विनवलं, की बाबा, आमच्या साकियासीच्या डाव्या पायावर, मांडीच्या मागच्या बाजूवर, विशेषतः तो जोरात पळतो तेव्हा, तुझी कृपा असू दे. पुढच्या तीन बाकांवर नदीमुखाला दिलेल्या लेकी आणि तिथून आणलेल्या सुना बसल्या होत्या. त्यांनी मनापासून आमेन म्हटलं, आणि दुपारच्या जेवणाआधी नदीमुखाच्या प्रत्येक खेळाडूला ठाऊक झालं होतं की साकियासीला कुठे धरायचं.

"आई, काय केलंस हे तू?"

"देवाला सांगितलं. तुला चालत नाही का देवाला सांगितलेलं?"

किनिसिमेरे तिथून तडक निघून गेली.

तो सगळा आठवडा किनिसिमेरेला शिव्या खाण्यात गेला. इनोके म्हणाला, तूच शत्रूला जाऊन मिळालीस असं म्हणतात लोक. बाजारातली मिरचीवाली म्हणाली, भावाचं बरं बघवत नाही का गं तुला. आणि साकियासीचे तर परतीचे दोर कापले गेले. आता तो बसला असता तर घाबरून बसला असं झालं असतं. तो सरावाला आला, पाटीवर मात्र आला नाही. जोनेतानेने निरोप आणला, त्याचं पोट बिघडलंय. पाटी काय पोटाने चढायची असते? पण हे विचारायचं कोणाला, जोनेतानेलाच.

शनिवारी सकाळी गॅलरी भरली. ट्रकच्या ट्रक भरून माणसं आली होती, रोटीच्या पुरचुंड्या विकणाऱ्याला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. फ्रान्सचा माणूस टोपी घालून पहिल्या रांगेत बसला होता. किनिसिमेरेने पाट्या उचलून मैदानाच्या कडेला आणल्या. सामन्याआधी सगळ्यांनी एकेक उडी मारायची, असा नियमच होता क्लबचा, आणि तो मोडायला इनोकेलाही आज वेळ नव्हता. एकेक जण आला, उडी मारून गेला. शेवटी साकियासी आला. भिंत नव्हती म्हणून तो आकाशाकडे बघत उभा राहिला.

टुंग झालं. त्याने न सांगता उडी मारली. खाली आला तेव्हा डाव्या पाटीवर जवळजवळ काहीच पडलं नाही. किनिसिमेरेने आकडा बघितला आणि मग पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे बघितलं. कपाळावर घाम डवरला होता. अजून सामना सुरूही झाला नव्हता.

"जोनेताने," ती म्हणाली, "सांग त्याला. हात जोडते तुला, सरळ सांग."

जोनेतानेने तोंड उघडलं. "आजोबा म्हणताहेत..."

किनिसिमेरेने टॅबलेट गवतावर ठेवला.

"साकियासी."

कोणीतरी हातातला चेंडू सोडला. एवढ्या वर्षांत तिने त्याच्या तोंडावर त्याचं नाव घेतलं नव्हतं, आणि चारचौघांत तर कोणाच्या बहिणीने घेतलेलं कोणी ऐकलं नव्हतं. जवळच्या बायकांनी तोंडावर हात ठेवले. इनोकेची शिट्टी ओठांतून सुटून गळ्यात लोंबकळली.

"खाली बस," ती म्हणाली. "तुझा पाय गेलाय. मला माहीत आहे आणि तुलाही माहीत आहे. माझ्यासारखं करू नकोस. बस खाली."

साकियासीचा चेहरा काळवंडला. त्याने मान खाली घातली आणि होता तिथेच, बुटांसकट, पाट्यांच्या शेजारी मांडी घालून बसला. इनोके ओरडला. दोघातिघांनी काखेत हात घालून त्याला उठवायचा प्रयत्न केला. तो हलला नाही. बहिणीने नाव घेऊन बस म्हटल्यावर उठून पळायला जायचं, ते कोणत्या तोंडाने?

त्याच्या जागी राखीव असलेल्या जोनेतानेला उतरवलं. त्याच्या हातात दोनदा आयता चेंडू आला आणि दोन्हीदा त्याने तो सोडला. खोरं हरलं. फ्रान्सचा माणूस शेवटची शिट्टी वाजायच्या आधीच नांदीच्या विमानतळाकडे निघून गेला.

संध्याकाळपर्यंत सगळा दोष किनिसिमेरेचा ठरला होता. पाय फाटला असता तर तिचं म्हणणं खरं झालं असतं. फाटलाच नाही, म्हणजे तो चांगलाच होता. असं लोक म्हणत होते, आणि अगदी शहाणीसुरती माणसं म्हणत होती. थोरले काका घरी आले आणि दारातच बसून म्हणाले, "रिवाज मोडलास. चारचौघांत मोडलास. उद्या माफी मागायला जा."

"कशाची माफी काका? पाय वाचवला त्याची?"

"पाय वाचला का नाही ते देव जाणे. नाव घेतलंस ते आम्ही ऐकलं."

ती रात्रभर धुमसली. पण नाव तिने घेतलं होतं हे खरंच होतं. त्याच्या मानाला तिने सगळ्यांदेखत धक्का लावला होता, आणि मैदानातून निघताना तो कोणाच्याही डोळ्याला डोळा न देता गेला होता.

रविवारी चर्च सुटल्यावर यांगोनाच्या वाळक्या मुळ्यांची जुडी घेऊन ती काकांच्या घरी गेली. साकियासी कालपासून तिथेच राहत होता. ती दारापाशी बसली, तो आत खांबाशी, मध्ये अख्खी चटई. बोलायला अर्थातच जोनेताने. दुसरं कोण होतं? त्याने मुळ्या पुढे ठेवल्या, तळहात पोकळ करून टाळी वाजवली आणि तिच्या वतीने माफी मागितली. काकांनी मुळ्यांना हात लावला, म्हणजे स्वीकारल्या. एवढं झालं की उठायचं असतं. किनिसिमेरे उठणार, तोच साकियासी जोनेतानेच्या कानाशी वाकला आणि बराच वेळ काहीतरी बोलला.

जोनेताने वळला. नेहमीसारखं त्याचं तोंड आधीच वाकडं झालं असेल अशी तयारी ठेवून किनिसिमेरेने दात आवळले. पण तो हसत नव्हता. कालच्या दोन चेंडूंनंतर त्याला हसू येतच नव्हतं म्हणा, किंवा आणखी काही असेल.

"तो म्हणतो," जोनेताने म्हणाला, आणि एकेक शब्द त्याने खाली सांडू नये असा दिला, "मांडीच्या मागे दुखतं. आतल्या बाजूला. पळताना नाही इतकं, थांबताना. टेकडीवर एकदा काहीतरी तुटल्यासारखं वाटलं होतं. रात्री कूस बदलता येत नाही."

काकांनी मुळ्यांवरचा हात काढून घेतला. ते साकियासीच्या मांडीकडे बघू लागले.

किनिसिमेरे खाली बसली. हे आधी सांगायला काय झालं होतं, गाढवा, असं तिला ओरडून म्हणायचं होतं. ती ते गिळून बसली. कालचं एकदाच पुरे होतं.

"त्याला सांग," ती म्हणाली, "आज बर्फ लाव म्हणावं. पळायचं नाही, टेकडी चढायची नाही. आणि उद्या सकाळी पाटीवर ये."

जोनेताने वळला आणि सांगायला त्याने तोंड उघडलं. पण त्याच्या आधीच साकियासीने मान डोलावली होती.